कॅन्सरचं निदान चुकलं किंवा लांबलं असं वाटतंय? ब्लॉक ताब्यात घेण्यापासून ग्राहक आयोगापर्यंत

फाइल घेऊन येणारे नातेवाईक बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरुवात करतात: "आधीच्या डॉक्टरांनी वाट लावली." कधी ते खरं असतं, कधी अर्धं खरं असतं, कधी अजिबात नसतं. पण नुसतं ते वाक्य घेऊन ग्राहक आयोगापुढे उभं राहिलं, तर पदरात काही पडत नाही. तिथे विचारलं जातं ते असं: त्या दिवशी, त्या डॉक्टरांसमोर नेमकं काय होतं? आणि तेवढं समोर असताना त्यांच्याच शाखेच्या साधारण जाणत्या डॉक्टरने काय केलं असतं? पुढचं सगळं या प्रश्नाचं उत्तर कागदावर कसं आणायचं याबद्दल आहे. यात भारतातल्या कायद्याचाच विचार केला आहे.

पहिलं काम: आजचं निदान पक्कं करा

आधीचे डॉक्टर चुकले म्हणजे आत्ताचे बरोबरच आहेत, असं धरून चालू नका. नवीन निदानही दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक (म्हणजे बायोप्सीचा काचेवरचा काप आणि मेणात बसवलेला तुकडा) पुन्हा पाहून देण्याची सोय असते, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही आहे. दुसरं मत मागणं हा रुग्णाचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

यातून दोन गोष्टी साधतात. एक, रुग्णाला योग्य उपचार सुरू होतात. दोन, उद्या तक्रार करायची झाली तर पहिल्या अहवालाच्या विरुद्ध दुसऱ्या तज्ज्ञाचा लेखी अहवाल हातात असतो. उपचार थांबवून वकील शोधत बसू नका. तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते, गाठ तेवढी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट, संताप कितीही खरा असला तरी. दवाखान्यात आरडाओरडा, काचा फोडणं, अंगावर धावून जाणं यातलं काही करू नका. महाराष्ट्रात यासाठी २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. तक्रारदार म्हणून जायचं ते आरोपी म्हणून जाल, आणि समोरच्याला आयतं कोलीत मिळेल.

ब्लॉक: सगळ्यात महत्त्वाचा पुरावा

रिपोर्ट म्हणजे एका माणसाने सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहिलेलं मत. त्याने जे पाहिलं ती वस्तू वेगळीच असते आणि ती बहुतेकांना माहीतच नसते. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, पाणी काढून मेणात बसवतात. हा झाला ब्लॉक. काडेपेटीपेक्षाही लहान प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात पांढरट मेण आणि मेणात मटकीएवढा करडा ठिपका. कडेला लॅबचा नंबर, बऱ्याचदा पेन्सिलने लिहिलेला. या मेणाचे केसापेक्षाही पातळ काप काढून काचेवर लावतात आणि गुलाबी-जांभळा रंग देतात, ती स्लाइड.

स्लाइड फुटते, रंग उतरतो. ब्लॉक असेल तर पुन्हा काप काढता येतात आणि आयएचसी म्हणजे खास रंगांच्या तपासण्याही करता येतात. म्हणून अर्जात "स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही" असं स्पष्ट लिहा. हातात आल्यावर लगेच तीन गोष्टी पाहा: ब्लॉकवरचा नंबर, स्लाइडवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर. तिन्ही जुळत नसतील तर कदाचित नमुन्यांची अदलाबदल झालेली आहे, आणि मग प्रकरणाचं स्वरूपच बदलतं. तिन्हींचे फोटो काढा. पुढच्या रुग्णालयात देताना पोच घ्या आणि परत मिळेपर्यंत पाठपुरावा करा. ब्लॉक घरच्या उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. शेवटी ते मेण आहे.

सुईने पेशी काढून केलेल्या एफएनएसी तपासणीत बहुधा ब्लॉक नसतो, फक्त स्लाइड असतात. तिथे त्या स्लाइडच मागायच्या.

सीटी, एमआरआय, मॅमोग्राफीच्या बाबतीत फिल्मवर भागवू नका. मूळ प्रतिमांची सीडी किंवा डायकॉम फाइल (मूळ प्रतिमा जशाच्या तशा असलेली संगणकीय फाइल) मागा. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला पुन्हा वाचायचं असतं ते तिच्यावरून.

कागद मागण्याचा अर्ज

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. दाखल रुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवण्याचं बंधन आहे. तीन वर्षं हा काळ फार नाही, म्हणून आजच मागा. अर्ज असा, जास्त पाल्हाळ नको:

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस, मी (नाव, नोंदणी क्रमांक) आपल्याकडे (तारीख) ते (तारीख) उपचार घेतले. पुढील उपचारांसाठी व दुसऱ्या मतासाठी मला पुढील कागदांच्या प्रती व साहित्य हवं आहे: संपूर्ण केस पेपर, परिचारिकांच्या नोंदी, सर्व तपासणी अहवाल, संमतिपत्रं, रेडिओलॉजी प्रतिमांची सीडी, बायोप्सी क्रमांक (...) च्या स्लाइड व ब्लॉक, आणि डिस्चार्ज कार्ड. २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत द्याव्यात ही विनंती."

अर्जात "हयगय", "कोर्ट", "तक्रार" हे शब्द नकोत. दोन प्रती करा, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. सरकारी रुग्णालय असेल तर माहितीच्या अधिकारातही मागता येतं, तिथे मुदत ३० दिवसांची आहे. कागद नाकारले, तर नाकारल्याचाही पुरावा जपा. आयोगापुढे तो तुमच्याच बाजूने बोलतो.

तारखांचा तक्ता

माझ्या मते अर्धं प्रकरण इथेच ठरतं, वकिलाच्या खोलीत नाही. एका वहीत तीन रकाने आखा: तारीख, डॉक्टरांना काय सांगितलं किंवा काय दिसलं, डॉक्टरांनी काय केलं. एक कल्पित उदाहरण घेऊ. धूम्रपान करणारा ५५ वर्षांचा माणूस.

१० जानेवारी: तीन आठवडे खोकला. एक्स-रेमध्ये उजवीकडे वरती डाग. थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत. क्षयाची औषधं सुरू.
१४ मार्च: खोकला तसाच, वजन सहा किलो कमी. पुन्हा एक्स-रे, डाग थोडा मोठा. औषधं तीच चालू.
२० मे: थुंकीतून रक्त. औषधं बदलली. सीटी नाही, दुर्बिणीची तपासणी नाही.
२ जुलै: दुसऱ्या रुग्णालयात सीटी आणि बायोप्सी. फुप्फुसाचा कॅन्सर.

नातेवाईक बोट ठेवतात ते १० जानेवारीवर. मी ठेवणार नाही. आपल्याकडे क्षय इतका आहे की तीन आठवड्यांचा खोकला आणि वरच्या भागात डाग दिसल्यावर क्षयाचा संशय घेणं हे जवळजवळ कुणीही केलं असतं. थुंकीची तपासणीही केली होती. बोट ठेवायचं ते १४ मार्चवर. दोन महिने औषध घेऊन डाग वाढतोय, वजन उतरतंय, जंतू कधी सापडलेच नव्हते, माणूस धूम्रपान करणारा. इथे निदानावर पुन्हा विचार व्हायला हवा होता. २० मेला तर सबब उरतच नाही. तक्रार १० जानेवारीपासून सुरू केली तर समोरचा वकील पहिल्याच परिच्छेदात ती खोडून काढेल आणि मार्चमधली पक्की बाजूही तिच्यासोबत वाहून जाईल.

असे सांधे इतर ठिकाणीही सापडतात. मलावाटे रक्त पडतंय म्हणून महिनोन्‌महिने मूळव्याधीचं मलम, पण बोटाने साधी गुदतपासणीही नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या स्तनातल्या गाठीला "दुधाची गाठ" म्हणून सोडून देणं. तोंडातला न भरणारा व्रण दाताच्या टोकामुळे झालाय असं सांगून तो दात घासून गुळगुळीत करणं, आणि महिन्याने पुन्हा न पाहणं. स्तनाच्या गाठीत तपासणीचे तीन पाय असतात: हाताने तपासणं, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि पेशी किंवा तुकडा. तिन्हींचं एकमत व्हावं लागतं. सोनोग्राफी संशयास्पद म्हणतेय आणि एफएनएसीत काही आलं नाही, तर "काही नाही" या निष्कर्षावर थांबायचं नसतं, कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढून तपासणी, करायची असते.

सिद्ध करायला सगळ्यात सोपा प्रकार मात्र वेगळाच आहे: रिपोर्ट बरोबर होता, पण कुणी पाहिलाच नाही. रेडिओलॉजिस्टने खाली लिहिलंय की संशयास्पद आहे, बायोप्सी करावी. तो कागद फाइलला टाचला गेला आणि रुग्णाला "सगळं नॉर्मल आहे" असं सांगून घरी पाठवलं. अशा कागदापुढे तज्ज्ञांच्या मतभेदाला जागा उरत नाही.

तक्ता भरताना आपल्या चुकाही लिहा. सहा महिन्यांनी बोलावलं होतं आणि तुम्ही दीड वर्षाने गेलात, बायोप्सी सांगितली होती आणि काढ्यावर विश्वास ठेवलात, तर ते समोरच्याच्या केस पेपरात आहेच. वकिलाला ते तुमच्याकडून आधी कळलेलं बरं.

चूक आणि हयगय

कायदा चुकीला शिक्षा करत नाही, हयगयीला करतो. १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या बोलम खटल्यात कसोटी ठरली: त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांचा एक गट जे योग्य मानतो तसं डॉक्टर वागला असेल, तर दुसऱ्या गटाचं मत वेगळं असलं म्हणून तो दोषी ठरत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात हीच कसोटी मान्य केली. त्या प्रकरणातला रुग्णही कॅन्सरच्या शेवटच्या अवस्थेत होता आणि श्वास लागल्यावर आणलेलं ऑक्सिजनचं सिलिंडर रिकामं निघालं होतं, तरीही न्यायालयाने डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द केला.

याचा अर्थ, दोन पॅथॉलॉजिस्टनी एकाच स्लाइडवर वेगळी मतं दिली एवढ्याने भागत नाही. काही गाठी खरोखरच अवघड असतात. पण शंका असताना पुढची तपासणी न सुचवता ठाम निदान लिहून टाकणं, नमुना अपुरा असल्याची नोंद न करणं, रुग्णाची माहिती न वाचता सही करणं, हे वेगळं.

दुसरी बाजूही आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मलेरियाच्या रुग्णाला टायफॉइडचे उपचार दिल्याचं प्रकरण आलं. तेव्हा न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत बंधनकारक नाही, हयगय उघड दिसत असेल तर आयोग स्वतः ठरवू शकतो. कॅन्सरच्या प्रकरणांत मात्र या निकालाच्या भरवशावर राहू नका. टाचून ठेवलेला रिपोर्ट असेल तर ठीक, एरवी तज्ज्ञ लागतोच.

तज्ज्ञ गाठल्यावर "डॉक्टर चुकले का?" असं विचारू नका. कुणीच हो म्हणणार नाही. तक्ता पुढे ठेवा आणि विचारा: १४ मार्चला एवढी माहिती असताना पुढची तपासणी कोणती करायला हवी होती? ती मार्चमध्ये झाली असती तर रोग कोणत्या अवस्थेत सापडण्याची शक्यता होती? उपचार काय बदलले असते? उत्तरं लेखी घ्या, सही आणि नोंदणी क्रमांकासह.

शेवटचे दोन प्रश्न का?

कारण हयगय सिद्ध होऊनही माणसं हरतात ती इथे. त्या उशिरामुळे नुकसान झालं, हे वेगळं दाखवावं लागतं. २००५ मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, एक प्रकरण होतं. काखेतली गाठ साधी चरबीची म्हणून सोडून दिली, ती लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघाली, नऊ महिने वाया गेले. बरं होण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ वर आली होती. तरी रुग्ण ३ विरुद्ध २ मतांनी हरला, कारण सुरुवातीलाच शक्यता निम्म्याहून कमी होती. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही आणि मला तो कठोर वाटतो, पण समोरचा वकील याच दिशेने जाणार हे धरून तयारी करा. "जीव वाचला असता" एवढं एकच म्हणू नका. लहान शस्त्रक्रियेत भागलं असतं, केमो टळली असती, आवाज किंवा स्तन वाचला असता, पगार बुडाला नसता: हे प्रत्येक नुकसान स्वतंत्र आहे आणि बहुधा सिद्ध करायला सोपं आहे.

नसलेला कॅन्सर सांगितला गेला, तर नुकसान दाखवणं त्या मानाने सरळ असतं. २०१९ मध्ये केरळमध्ये एक प्रकरण गाजलं: बायोप्सीचे नमुने दोन लॅबना गेले, एका लॅबने कॅन्सर असल्याचं आधी कळवलं, दुसऱ्या अहवालाची वाट न पाहता केमो सुरू झाली आणि नंतर आलेल्या अहवालात कॅन्सर नव्हताच. इथे प्रश्न एका लॅबच्या चुकीपुरता राहत नाही. दुसरा अहवाल यायचा असताना पहिला डोस का दिला, हाही असतो.

जबाबदार कोण?

साखळीतल्या प्रत्येकाचं नाव घ्या, पण सगळ्यांवर सारखाच आरोप करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं आहे की रुग्णालय आपल्याकडच्या डॉक्टरांच्या कामाची जबाबदारी झटकू शकत नाही, मग ते पगारी असोत वा बाहेरून बोलावलेले, आणि काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार रुग्णालयावर येतो. लॅबच्या रिपोर्टवर सही कुणाची आहे हे पाहा. पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालते, हे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. नुसत्या तंत्रज्ञाची सही असेल तर तो मुद्दा तक्रारीत वरच लिहा.

दाद कुठे मागायची

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. १९९५ पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं यात येत नाहीत. तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात याचिका हा रस्ता. २०१९ च्या कायद्यामुळे आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कोणता आयोग, हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवर नाही तर मोजलेल्या बिलावर ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय. म्हणजे बहुतेक सगळे जिल्ह्यातच. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि वकील सक्तीचा नाही, तरी या विषयात मी वकील घ्या म्हणेन. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. रुग्ण गेला असेल तर वारस तक्रार करू शकतात.

दोन वर्षं कधीपासून मोजायची यावर वाद होतात. चूक उघड झाली त्या दिवसापासून, असं म्हणता येतं. पण २०१० मध्ये, शस्त्रक्रियेत पोटात राहिलेल्या गॉजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाला मुदतीवरच परत पाठवलं, कारण इतकी वर्षं त्रास होत असताना तिने डॉक्टरांकडे विचारणाही केली नव्हती. बरोबर निदान झालेली तारीख धरा आणि त्यापासून दीड वर्षात दाखल करा.

राज्य वैद्यकीय परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ थांबवू शकते किंवा नाव काढून टाकू शकते. पैसे देऊ शकत नाही. पोलिसांत जायचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. डॉक्टरांसाठी त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण ते फक्त रुग्णाच्या मृत्यूनंतर लागू होतं आणि घोर हयगय असावी लागते. आधी पोलिसांना स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. निदान उशिरा झालं एवढ्यावर हे कलम टिकणं कठीण, म्हणून तिथे पहिली शक्ती घालवू नये असं मी सांगतो.

तडजोडीचा कागद आला तर

नोटीस गेल्यावर किंवा तक्रार दाखल झाल्यावर रुग्णालयाकडून कधी कधी देकार येतो. लगेच सही करू नका, लगेच झिडकारूही नका. कागदात "पूर्ण व अंतिम" हे शब्द असतील तर पुढे रोग उलटला तरी काही मागता येणार नाही, हे समजून घ्या. पुढच्या उपचारांचा खर्च वेगळा धरलाय का ते पाहा. रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून, रोख नको. तक्रारी मागे घेण्याची अट असेल तर पैसे जमा झाल्यानंतरची तारीख घाला. आणि ब्लॉक अजून त्यांच्याच लॅबमध्ये असेल तर तो नंबरासह परत देण्याचं कलम कागदात लिहून घ्या, कारण पुढची केमो ठरवणाऱ्या डॉक्टरांना तो पुन्हा लागणार आहे.